पाणचढ्यांच्या पाठीवरचा चिखल

पेडगावात कुणी थाप मारायला लागला की समोरचा एवढंच विचारायचा, "काय रं, पाणी चढलं का?" मग थाप मारणाराही हसायचा आणि ऐकणाराही. हसायची नाही ती एकच बाई, किशनराव पाणचढ्याची चतुराबाई. कारण गावातल्या सगळ्या थापांचं मूळ तिच्या सासरी होतं, आणि त्या थापेचा चिखल लग्न झाल्यापासून दरसाल तीच धूत आली होती.

ही रझाकारांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. राज्य निजामाचं होतं. पेडगावच्या टेसनावरून आगीनगाडी मनमाडकडं जायची, शाळेत मास्तर पोरांना उर्दू घोकायला लावायचे. पण पाणचढ्यांची थाप त्या सगळ्याहून जुनी, चांगली दोनशे वर्षांची. पेशव्यांच्या अमदानीत गावचे काही गडी फौजेबरोबर कोकणात गेले होते. तिथं म्हणे समुद्रात एक किल्ला होता. त्याचं नाव आता गावात कुणाला सांगता येत नाही. पाण्यातला किल्ला, बस. फौजेनं वेढा घातला, महिनोन्‌महिने बसली आणि हात हलवीत परत आली.

आता लढाईत हार-जीत चालायचीच. त्यात लाजायचं काय? पण गड्यांना गावानं विचारलं, "बाबांनो, किल्ला का न्हाई घेतला?" तेव्हा किशनरावाचा पूर्वज, सटवाजी त्याचं नाव, तो म्हणाला, "पाणी चढलं."

"पाऊस लागला व्हय?"

"न्हाई. आभाळ कोरडं होतं."

"मग कुठल्या नदीला पूर आला?"

"कुठल्याच न्हाई. पाणी आपलं आपणच चढलं."

झालं! अख्खं गाव पोट धरून हसलं. पाऊस नाही, पूर नाही, अन् पाणी चढतंय म्हणे! लढाईतून पळून आला आणि वर हे तोंड! तेव्हापासून घराला पाणचढे हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आधीचं आडनाव काय होतं ते घरातल्यांनासुद्धा आठवत नाही. सटवाजी इतका दुखावला की त्यानं बेलभंडारा उचलला, ह्या घरचा बाप्या पुन्हा दर्याचं तोंड बघणार नाही. ती आण सगळ्यांनी पाळली. खरं सांगायचं तर आणेपेक्षा धास्तीच मोठी होती. जाऊन पाहिलं आणि पाणी चढत नसलंच, तर?

मास्तरांनी एकदा पारावर सांगून पाहिलं होतं, "समुद्राचं पाणी खरंच चढतं. चंद्र ओढतो त्याला."

त्यावर बसप्पा म्हणाला होता, "मास्तर, चंद्राला एवढी ताकद असंल तर आमच्या हिरीचं पाणी वडायला सांगा. रहाटाला बैल जुंपून जुंपून आमी मरायलोय." मास्तरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

हा बसप्पा म्हणजे गावातला लिंगायत वाणी. सत्तरीला टेकलेला, गळ्यात लिंग, जिभेला धार, पण मनानं वाईट नव्हे. त्याचा पूर्वजही बैलांवर दाणागोटा लादून त्याच फौजेबरोबर गेला होता आणि सटवाजीबरोबरच परत आला होता. दसऱ्याला पहिला मान त्याचा असायचा तो त्यामुळंच.

तो मानही ऐकून घ्या. दसऱ्याला आपट्याचं सोनं वाटून झालं की सगळे बाप्ये गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे. तळ्यात चिखलाचा ढिगारा रचून त्याला झेंडूची माळ घातलेली असायची. तो किल्ला. गडी आरडाओरडा करीत किल्ल्यावर चालून जायचे. काठ आणि किल्ला यांच्या बरोबर मध्ये, गुडघाभर पाण्यात, पाणचढ्यांच्या घरचा कर्ता उभा. त्यानं तीनदा आरोळी द्यायची, "पाणी चढलं, मागं फिरा!" तळ्याचं पाणी कशाला चढतंय? म्हशी डुंबायच्या त्यात. पण आरोळी झाली की सगळ्यांनी माघारी पळायचं आणि जाता जाता दोन्ही हातांनी चिखल उचलून पाणचढ्याच्या पाठीवर थापायचा. पाणचढ्यानं मुकाट पाठ फिरवून उभं राहायचं. काठावर बायापोरं हसून हसून लोळायची. पहिला चिखल बसप्पाच्या हातचा.

पालमहून लग्न होऊन आली त्या साली चतुराबाईनं हे पहिल्यांदा पाहिलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण ती नुसती चिडून बसणारी बाई नव्हती. तिला प्रश्न पडायचे. रात्री नवऱ्याची पाठ धुता धुता तिनं विचारलं, "चिखल पाठीवरच का हो? तोंडावर का न्हाई?"

"रिवाज हाय."

"अन् दोन्ही हातांनीच का?"

"रिवाज हाय म्हनलं ना."

"मग बसप्पामामाच्या घरून पुरणपोळीचं पहिलं ताट आपल्या घरी का येतं? खोटारड्याला कुणी पुरणपोळी धाडतं व्हय?"

किशनराव म्हणाला, "तुज्या बापानं नाव बरोबर ठिवलं बघ. पण आता डोकं खाऊ नको."

अशी वर्षं गेली. किशनरावाचे गुडघे धरले, पाण्यात उभं राहणं होईना. आता पाळी आली चंद्रभानची. चंद्रभान म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक, ऐन विशीतला, नाकासमोर चालणारा, पण डोक्यानं तापट. गौरी-गणपती झाले तसं त्यानं जेवता जेवता ताटावरचा हात थांबवला.

"माय, मी तळ्यात उभा राहणार न्हाई."

"मग कोण राहील बाबा? अप्पाचे गुडघे बघायलास ना?"

"खरं काय ते एकदा कळू दे. पाणी चढत असंल तर मी उभा राहतो, चिखल काय शेण बी अंगावर घेतो. पण आपला सटवाजीबाबा खोटंच बोलला असंल, तर मी ह्या गावात राहत न्हाई. हैद्राबादेला निघून जातो. माझी पोरं तरी पाणचढे म्हनून घेणार न्हाईत."

किशनराव पाटावरून तसाच उठला आणि हात धुवायला बाहेर गेला. चतुराबाईला वाटलं, एकच पोर, तेही गेलं तर ह्या घरात दोन म्हाताऱ्यांनी काय भिंतींशी बोलायचं? रात्रभर तिनं विचार केला आणि सकाळी चुलीपुढंच सांगून टाकलं, "मी बघून येते."

"काय बघून येतीस?" किशनराव दचकला.

"दर्या. भुजंगाच्या बायकोचे दिवस भरलेत, त्याचा सांगावा आलाच हाय."

भुजंग म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आपल्याकडच्या कापसाच्या गाठी आगगाडीनं मुंबईत शिवडीला जात, तिथल्या गोदामात तो हमाली करायचा.

"अगं, पण आण हाय ना घराला!"

"आण तुमच्या घरच्या बाप्यांना. मी बाई, अन् त्यातून पालमची," चतुराबाई म्हणाली आणि भाकर उलथली.

शिवडीला पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भावाला तिनं काठावर न्यायला लावलं. पाहते तो काय, समोर नजर पोचेल तिथवर चिखल! काळा, चकचकीत, ओला चिखल. त्यात बगळे फिरत होते, आणि दूरवर एक होडकं कुशीवर कलंडून पडलं होतं.

"हा दर्या?"

"हाच की अक्का."

"अन् पाणी कुठाय?"

"गेलंय. वहटी हाय आता. दुपारच्याला येतंय माघारी."

"पाऊस नसला तरी?"

"पावसाचा काय संबंध? रोज येतंय अन् रोज जातंय."

चतुराबाई तिथंच बसली. भुजंग कामावर गेला तरी उठली नाही. आणि उन्हं डोक्यावर आली तसं खरंच पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. बघता बघता चिखल दिसेनासा झाला आणि ते कलंडलेलं होडकं सरळ होऊन डुलायला लागलं. तिच्या डोळ्यांना धार लागली. सटवाजीबाबा, खरं बोललात हो तुम्ही! दोनशे वर्षं लोक तुमच्यावर हसले, अन् तुम्ही अक्षर खोटं बोलला नव्हता.

पण ती मुळातली खोदून विचारणारी. संध्याकाळी पाणी पुन्हा उतरताना दिसलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. पाणी चढतं तसं उतरतंही. हे तर सटवाजी बोललाच नव्हता! उतरलं की किल्ल्यापर्यंत चालत जाता येत असणार. मग का नाही गेले? की चढलेलं पाणी पाहूनच पळ काढला आणि उतरलेल्याचं गावाला सांगितलंच नाही? अर्धं खरं तर अख्ख्या खोट्याहून वाईट. चंद्रभानला काय सांगायचं? हे लपवून ठेवलं तर त्याला कळणार नव्हतं. पण मग तीही पाणचढीच ठरली असती, गाव म्हणतं तसली.

भावजय बाळंत झाली, पोरगी झाली, बारसंही झालं. चतुराबाई रोज वेळ काढून काठावर जायची आणि त्या होडक्याकडं बघत बसायची. जायच्या आदल्या दिवशी तिला राहवेना. वहटी होती, ऊन स्वच्छ पडलं होतं, लांब चिखलात कोळणी वाकून निवट्या मासळी पकडत होत्या. तिनं मनाशी म्हटलं, ते होडकं म्हणजे किल्ला. जाऊन त्याला हात लावते, मग कळेल सटवाजीला काय कळलं ते. लुगड्याचा काचा मारला आणि निघाली.

चिखल पोटरीपर्यंत यायचा, पण चालता यायचं. तिची नजर सारखी पुढं, पाण्यावर. पाणी अजून कुठंच्या कुठं होतं. आपल्या माणसाला पूर ठाऊक. दुधना नदीचा पूर समोरून येतो, दिसतो, गर्जतो. तसाच दर्याही समोरूनच येणार, हे तिनं गृहीत धरलं. तिथंच तर फसली बिचारी! होडक्याला तिनं हात लावला, वर हसलीसुद्धा.

तेवढ्यात पाठीमागून आरोळी आली, "ए बाय! पानी चढलं गो! मागारी फिर!"

शब्दन्‌शब्द तळ्यावरची आरोळी! तिनं वळून पाहिलं तर बाकीच्या कोळणी काठाला लागलेल्या, आणि ती चालत आली होती त्या वाटेवर, तिच्या आणि काठाच्या मधल्या खोलगट वहाळात, पाणी भरत होतं. समोर चिखल उघडा आणि मागं पाणी! दर्या मागच्या दारानं आला होता. त्या वहाळात कमरेएवढ्या पाण्यात एक कोळीण म्हातारी उभी होती, हात हलवत ओरडत होती.

चतुराबाई धावली. पाय रुतले, पडली, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात गेले, उठली, पुन्हा पडली. पाणी म्हातारीच्या छातीला लागलं तरी म्हातारी तिथून हलली नाही. "हिकडं, माज्याकडं बघ! माज्याकडं चालत ये!" ओरडतच राहिली. चतुराबाई पोचली आणि तिनं त्या अनोळखी बाईला अशी मिठी मारली की सोडेचना. म्हातारीनं तिला तशीच ओढत काठावर आणली.

"कुठली गो तू?"

"परभनीकडची."

"दर्या न्हाय वाटतं तुमच्यात," म्हातारी म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली.

चतुराबाई पाठमोऱ्या म्हातारीकडं बघत राहिली. तिच्या पाठीवर, ओल्या चोळीवर, चिखलाचे दोन पंजे उमटले होते. दोन्ही हातांचे. पाठीवरच.

"आगं माय माय माय!" चतुराबाई मोठ्यानं ओरडली आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

गावी परतली तेव्हा दसरा तोंडावर आला होता. बाप-लेक दोघं तिच्यासमोर बसले. चंद्रभानच्या खोलीत कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं तिनं येता येताच पाहिलं होतं. तिनं काही लपवलं नाही. चढतं तेही सांगितलं, उतरतं तेही.

"उतरतं?" चंद्रभान पटकन म्हणाला. "मग उतरल्यावर का गेले न्हाईत?"

"गेले होते रं. म्हनून तर आरोळी द्यावी लागली! पाणी उतरलं तसं गडी चिखलातून किल्ल्यावर चालून गेले. समद्यांची नजर म्होरं. अन् पाणी आलं पाठीमागून. ते एकट्या सटवाजीबाबांनी बघितलं. मला एक सांग, पळपुटा असता तर तो सगळ्यांच्या आधी काठावर नसता का? मग आपला माणूस पाण्यात, मधोमध का उभा करतात? कारण तो तिथंच उभा होता. गडी माघारी येईपर्यंत उभा होता. अन् आलेल्यांनी त्याला चिखल मारला न्हाई बाबा. चिखलाच्या हातांनी मिठी मारली, अन् ते हयात होते तवर दसऱ्याला तळ्यात तीच मारत असणार. मिठी मारल्यावर हात कुठं पडतात?"

किशनराव हुंदका देऊन रडायला लागला. इतकी वर्षं पाठीवर चिखल घेताना त्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. "मी पाठ फिरवत आलो," तो म्हणत राहिला, "दरसाल पाठ फिरवत आलो गं."

चंद्रभान मात्र मान खाली घालून बसला होता. "मला पटलं माय. पण गाव हसंलच. मी बोललोय तसा उभा राहतो. पण सगळं सांगूनबी लोक हसले, तर मला अडवू नको. त्याच रातच्या गाडीनं जातो."

"बरं," चतुराबाई म्हणाली. "फकस्त पाठ फिरवू नको."

दसऱ्याला तळ्यावर तिनं सगळ्यांसमोर सांगून पाहिलं. बायांनी बाप्यांपुढं बोलायचा रिवाज नव्हता, पण ती बोलली. बसप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीत हसला. "चतुराबाई, पाण्यातला किल्ला कमी होता व्हय, आता पाठीमागून येणारा दर्याबी आनलास? त्या घरचं पाणीच तसलं हाय बघ!" काठावर हशा पिकला. चंद्रभानचा चेहरा दगडासारखा झाला. तो पाण्यात उतरला आणि मधोमध जाऊन उभा राहिला.

गडी आरडत किल्ल्यावर निघाले. चंद्रभाननं पहिली आरोळी दिली, दुसरी दिली, तिसरी दिली, "पाणी चढलं, मागं फिरा!" सगळे हसत माघारी वळले. सगळ्यांच्या पुढं बसप्पा, दोन्ही हातांत चिखल घेऊन, धापा टाकत.

"हां, फिर पाठ," तो म्हणाला.

"न्हाई फिरत मामा."

"अरं! तोंडावर चिखल लावायचा रिवाज न्हाई. पाठ कर."

"पाठीवरच लावा की. मी कुठं न्हाई म्हनतो?"

बसप्पा डावीकडून गेला, चंद्रभान तिकडं वळला. उजवीकडून गेला, इकडं वळला. लोक ओरडायला लागले, "लावा लावा, बसप्पामामा!" मान तर सोडता येत नव्हता, आणि तोंडावर चिखल लावणं पाप. शेवटी म्हातारा वैतागला, पुढं झाला आणि दोन्ही हात चंद्रभानच्या बगलेखालून मागं नेऊन त्यानं चिखल पाठीवर थापला.

आणि तसाच थांबला. त्याची मान चंद्रभानच्या खांद्यावर होती, हात पाठीवर. गुडघाभर पाण्यात म्हातारा हलेचना. काठावरचा हशा हळूहळू विरला.

"पोरा," बसप्पा हळूच म्हणाला, पण तळ्यावर इतकी सामसूम झाली होती की चतुराबाईला काठावर ऐकू आलं, "खरंच चढतं का रं पाणी?"

"चढतं मामा. माय बुडता बुडता वाचली."

"म्हंजी आमचा म्हातारा..." बसप्पाचा आवाज फुटला. "त्यानं आरोळी दिली नसती तर आमचा म्हातारा तिथंच ऱ्हायला असता. अन् आमी बी नसतो. आमच्या घरून पुरणपोळीचं ताट जायचं ते ह्यासाठी व्हय रं!" आणि त्यानं हात काढले नाहीत, उलट घट्ट आवळले.

मग मागचे आले. एकेकानं पुढून येऊनच चिखल लावला. काहींना ते जमेना, ते लाजले, एकदोघं हसलेही. पण ते हसणं निराळं होतं.

चंद्रभान घरी आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि थंडीनं कुडकुडत होता. चतुराबाईनं ऊन पाणी काढून दिलं आणि ती त्याच्या खोलीत गेली.

"माय, कोरडा सदरा दे गं," मोरीतून त्यानं हाक मारली.

कोरडे सदरे सगळे गाठोड्यात होते. चतुराबाईनं खाली बसून गाठ सोडली.